पडलेला दात आणि वाटीभर दूध

मंडळी, दातांविषयी आपल्या मराठीत बोलणे पुष्कळ. रागावलेला माणूस दातओठ खातो, शरण आलेला दाती तृण धरतो, भ्यालेल्याची दातखीळ बसते, आणि चिकटपणा करणाऱ्याला ‘दात कोरून पोट भरत नाही’ असे आपण ऐकवतो. भाषेत दातांचा एवढा बोलबाला. पण खेळता खेळता एखाद्या मुलाचा पुढचा दात निखळून मातीत पडला, तर पुढल्या पाच मिनिटांत काय करायचे, हे मात्र आपल्याला कोणी शिकवलेले नसते.

तुम्ही म्हणाल, हे गृहस्थ कॉलेजात मराठी शिकवणारे. यांचा दातांशी संबंध जेवणापुरता! अगदी खरे. मी डॉक्टर नाही. पण एका दाताचे ऋण माझ्या डोक्यावर आहे, आणि ते फेडण्याचा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही. म्हणून हा विषय घेऊन तुमच्यापुढे आलो आहे.

गोष्ट २०११ सालची. आमच्या कॉलेजचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर एका खेड्यात भरले होते. दिवस थंडीचे. दुपारी बंधाऱ्याचे काम संपले की संध्याकाळी मुले शाळेच्या पटांगणात कबड्डी खेळत. तिसऱ्या दिवशी चढाईला गेलेल्या एका मुलाच्या तोंडावर दुसऱ्याचे कोपर जोरात बसले. मुलगा मट्‌कन खाली बसला. तोंडातून रक्त, आणि वरचा पुढचा एक दात मुळासकट बाहेर. शोधाशोध केली तेव्हा तो मातीत सापडला.

मुलगा शुद्धीवर होता, नीट बोलत होता. कार्यक्रमाधिकारी म्हणून सगळी जबाबदारी माझी. मी दात उचलला आणि हातपंपावर गेलो. साबण लावून चांगला चोळून धुतला. मुळाला तांबूस, ओलसर असे काही चिकटलेले होते. ती घाण समजून नखाने खरवडून काढली. दात मोत्यासारखा लख्ख झाला. मग तो इस्त्रीच्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, “आवं गुरुजी, जखमेत हळद भरा, रगात थांबंल.” तेही आम्ही केले. गाडी मिळवून तालुक्याच्या गावी दातांच्या डॉक्टरांकडे पोचायला सव्वादोन तास लागले.

डॉक्टरांनी रुमाल उलगडला, दात उजेडात धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “सर, फार स्वच्छ केलात.”

मला वाटले, कौतुक करताहेत. मग त्यांनी विचारले, “गावात दूध नव्हतं का?”

दूध होते. संध्याकाळच्या चहासाठी आणलेले दोन लिटर दूध शाळेच्या ओसरीवर, पटांगणापासून वीस पावलांवर ठेवलेले होते. दाताचा आणि दुधाचा काही संबंध असेल, हे माझ्या मनातसुद्धा आले नव्हते.

डॉक्टरांनी त्या दिवशी मला जे समजावले, आणि पुढे मी वाचून, विचारून जे पडताळून घेतले, ते तुम्हांला सांगतो.

दात हा भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा हाडात घट्ट बसवलेला असतो, असे आपल्याला वाटते. तसे नसते. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी. त्या फटीत असंख्य नाजूक तंतू असतात. एका टोकाने ते हाडाला धरतात, दुसऱ्या टोकाने मुळाला. या तंतूंच्या झोळीत दात टांगलेला असतो. दात उपटून पडतो तेव्हा हे तंतू मधोमध तुटतात. अर्धे हाडाकडे राहतात, अर्धे मुळाला चिकटून बाहेर येतात. मुळावरचा तो तांबूस, ओलसर पडदा म्हणजे हेच तंतू आणि त्यांतल्या जिवंत पेशी. त्या जिवंत असतानाच दात परत जागेवर गेला, तर तंतू पुन्हा जुळतात आणि दात रुजतो. मी घाण म्हणून खरवडले ते नेमके हेच होते.

शेतकऱ्याला हे सांगायला फार शब्द नकोत. तुम्ही मिरचीचे नाहीतर वांग्याचे रोप वाफ्यातून काढता तेव्हा त्याची मुळे साबणाने चोळता का? मुळावरची माती झटकून, पांढरी केसमुळे खरवडून, रोप उन्हात वाळत ठेवता का? नाही. ओल्या फडक्यात धरता आणि होईल तितक्या लवकर सरीला लावता. मुळे सुकली तर रोप उभे केले तरी जगत नाही. पडलेला दात हे असेच उपटलेले रोप आहे.

किती लवकर लावायचे, याचाही हिशेब झालेला आहे. डेन्मार्कमधील दंतशल्यचिकित्सक येन्स ओवे आंद्रेआसन यांनी एका सहकाऱ्यासह १९६६ साली, अपघातात पडून परत बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत परत बसवलेल्या दातांपैकी शेकडा ९० दातांची मुळे शाबूत राहिली. दोन तासांहून जास्त वेळ बाहेर राहिलेल्या दातांपैकी शेकडा ९५ दातांची मुळे पुढे झिजत गेली. दात कोरडा राहिला तर साधारण तासाभरात मुळावरच्या पेशी मरतात. आता आपल्या वाडीवस्तीवरून अर्ध्या तासात दातांचा डॉक्टर गाठणे किती ठिकाणी शक्य आहे? म्हणजे या दाताचे भवितव्य दवाखान्यात ठरत नाही. ते पटांगणात, अंगणात, हातपंपाशी ठरते. जवळ उभे असलेले गुरुजी, बाई, आई, थोरला भाऊ हेच त्या अर्ध्या तासाचे डॉक्टर.

तर करायचे काय, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, दाताआधी मुलाकडे बघा. मूल शुद्धीवर आहे का, उलटी होते आहे का, गुंगी येते आहे का, श्वास नीट चालला आहे का? यांत काही बिघडलेले दिसले तर दात बाजूला ठेवा आणि १०८ क्रमांकाला फोन करा. डोक्याचा मार दातापेक्षा मोठा. मूल ठीक असेल तर त्याला बसवा, मान थोडी पुढे झुकवा, म्हणजे रक्त घशात जाणार नाही.

दुसरी गोष्ट, दात शोधा आणि उचला. पण कुठे धरायचा ते महत्त्वाचे. दाताचा जो भाग तोंडात दिसतो, पांढरा आणि चपटा, तेथे धरा. मुळाला बोट लावू नका.

तिसरी, माती लागली असेल तर दुधाने नाहीतर सलाईनच्या पाण्याने नुसता विसळा. दोन्ही हाताशी नसेल तर स्वच्छ गार पाण्याची धार काही क्षण सोडा, बस्स. चोळायचे नाही, फडक्याने पुसायचे नाही. साबण नको, डेटॉल नको, राख नको, हळद नको.

चौथी, आणि येथे थोडे धैर्य लागते. दात होता त्याच खाचेत तो परत बसवा. शेजारच्या दाताकडे पाहिले की ओठाकडची बाजू कोणती आणि जिभेकडची कोणती ते कळते. जिभेकडची बाजू थोडी खोलगट असते. मूळ खाचेच्या तोंडाशी ठेवून बोटाने अलगद दाबा. ताजी जखम असताना दात बहुधा सहज आत सरकतो. शेजारच्या दातांच्या ओळीत आला की स्वच्छ रुमालाची घडी मुलाला दातांखाली हलकेच धरायला सांगा आणि तसाच दवाखान्यात न्या. मोठ्या मुलाला हे स्वतःलाही जमते. दात सरकत नसेल तर मात्र बळजबरी नको.

पाचवी गोष्ट, ज्याला हे धाडस होणार नाही त्याच्यासाठी. आणि न झाले तर त्यात कमीपणा मुळीच नाही. दात ताबडतोब वाटीभर गार दुधात टाका. दूध साधे हवे, साखर न घातलेले. तापवलेले असेल तर पूर्ण गार झालेले. ताक किंवा दही चालणार नाही. त्यांचा आंबटपणा पेशींना सोसत नाही. झाकणाच्या डबीत दूध, दुधात दात, आणि डबी घेऊन थेट दातांच्या डॉक्टरांकडे.

दूधच का, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील, आणि त्याने विचारावा. कोरडा मनुका पाण्यात टाकला की फुगतो, हे आपण पाहतो. जिवंत पेशी साध्या पाण्यात ठेवली की तीही पाणी शोषून फुगते आणि फुटते. दुधातले क्षार आणि त्याची घनता आपल्या शरीरातल्या द्रवाशी मिळतीजुळती असते. म्हणून त्यात पेशी फुगत नाही, सुकत नाही, काही तास तग धरते. १९८० च्या सुमारास स्वीडनमधील संशोधकांनी हे प्रयोगांनी तपासून पाहिले. दातांच्या अपघातांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही दात ठेवण्यासाठी दुधाला अग्रमान आहे. दूध नसेल तर त्याच मुलाला एका पेल्यात थुंकायला लावून त्या थुंकीत दात ठेवावा, किंवा सलाईनच्या पाण्यात. हेही नसेल तर साधे पाणी. कोरड्या रुमालापेक्षा तेही बरे. लहान मुलाच्या गालात दात ठेवून नेऊ नका, गिळला जाण्याची भीती असते.

डॉक्टर दात नीट बसवतात, शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात, धनुर्वाताच्या इंजेक्शनची गरज आहे का ते पाहतात. मुळाची वाढ पूर्ण झालेली असेल तर आतली शीर पुन्हा जगत नाही, म्हणून दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल करावे लागते. लहान मुलात मूळ अजून उघडे असेल तर शीरसुद्धा कधी कधी जगते. त्यामुळे डॉक्टर वाट पाहतात. दोन आठवडे मऊ अन्न, हलक्या हाताने ब्रश, आणि पुढे काही वर्षे सांगतील तेव्हा तपासणी. ‘आता दुखत नाही, कशाला जायचे?’ असे म्हणून तपासणी चुकवू नये.

आता एक मोठा अपवाद, तो विसरू नका. दुधाचा दात पडला तर तो कधीही परत बसवायचा नाही. त्याच्याखाली कायमचा दात तयार होत असतो. वरून दाबले तर त्याला इजा होते. मग ओळखायचे कसे? पुढचे दात साधारण सहा ते आठ या वयात बदलतात. पाच वर्षांच्या मुलाचा पुढचा दात बहुधा दुधाचा. दहा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात कायमचा. दुधाचा दात लहान आणि अधिक पांढरा, कायमचा मोठा, किंचित पिवळसर, नव्या दाताच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते. शंका आली तर बसवू नका. दुधात ठेवा आणि डॉक्टरांना ठरवू द्या. दुधाचा दात कौलावर टाकण्याची आपली जुनी रीत आहे, ती खुशाल पाळा. पण दहा वर्षांच्या पोराचा कायमचा दात त्याच भावनेने कौलावर गेला तर तो पुन्हा येणार नाही, एवढे ध्यानात असू द्या.

दात मुळासकट न पडता त्याचा तुकडा उडाला, तर तोही फेकू नका. पाण्यात किंवा दुधात घालून न्या. डॉक्टर पुष्कळदा तोच तुकडा चिकटवून देतात. तुटलेल्या जागी लाल ठिपका दिसला तर आतली शीर उघडी पडली आहे; त्याच दिवशी जायला हवे. तुकडा सापडला नाही आणि ओठ फाटला असेल, तर तो ओठात रुतला नाही ना, तेही बघायला सांगा. दात पडला नाही, पण सरकला किंवा हलू लागला, तर त्याला बोटाने हलवून बघत बसू नका. हातपंपाचा दांडा, म्हशीची शिंगे, मोटारसायकलवरून पडणे, विटीचा टोला, यांपैकी काहीही तोंडावर बसले आणि दात जागचा हलला, की ते डॉक्टरांनीच पाहायचे.

आता रात्री-अपरात्री उठणाऱ्या दाढदुखीकडे वळू. आपण म्हणतो, दाताला कीड लागली. सुश्रुतसंहितेत दातांचे जे आठ रोग सांगितले आहेत त्यांत ‘कृमिदंतक’ हे नाव आहे. म्हणजे ही समजूत जुनी. पण दातात वळवळणारा किडा नसतो. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही कल्पना खोडून काढली. तोंडातले सूक्ष्म जंतू गोड अन्नाचे आम्ल करतात, ते आम्ल दात पोखरते, हे आज सर्वमान्य आहे. तेव्हा बाजारात कोणी धुरी देऊन दाढेतून किडे काढून दाखवू लागला, तर पैसे खिशात ठेवा आणि पुढे चला.

दाढ दुखू लागली तर कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून खळखळून चूळ भरा. दातांच्या फटीत काही अडकले असेल तर दोऱ्याने काढा. टाचणी, सुई, चिमटा नको. लवंगेचे तेल कापसाच्या बोळ्याला थेंबभर लावून फक्त दुखऱ्या दाढेवर टेकवावे. ते हिरडीवर ओतले तर हिरडी भाजते, आणि लहान मुलांना ते देऊच नये. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी सहा सहा तासांनी चालते, यकृताचा आजार किंवा दारूचे व्यसन असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. मुलांचे प्रमाण वजनावर ठरते, तेही विचारूनच. गोळी गिळायची असते. कित्येक जण ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाढेशी दाबून धरतात. त्याने दुखणे थांबत नाही, उलट गालाची आतली कातडी पोळते. मुलांना तर ॲस्पिरिन देऊच नये. आणि आयाबायांनो, मशेरी हे दातांचे औषध नव्हे. ती भाजलेली तंबाखूच आहे. दुखणे घटकाभर बधिर होते, पण सवय जन्माची लागते, आणि त्या वाटेवर तोंडाचा कॅन्सर बसलेला असतो.

हे सगळे उपाय रात्र काढण्यापुरते. दुखणे थांबले म्हणजे रोग गेला असे नाही. कधी कधी आतली शीर मेली म्हणून दुखणे थांबते, आणि पू मात्र खाली उतरत राहतो.

येथे मला फार गंभीरपणे एक गोष्ट सांगायची आहे. दाढेच्या दुखण्याने गाल सुजला तर गरम पोटलीने शेकू नका आणि कसला लेपही लावू नका. थंड पाण्याची पट्टी बाहेरून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. पण सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरू लागली, ताप भरला, तोंड उघडेना, घोट गिळवेना, लाळ बाहेर गळू लागली, जीभ वर उचलल्यासारखी वाटली किंवा श्वास लागू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. सूज आतून श्वासाची वाट बंद करू शकते. दाढेने माणूस मरत नाही, असे आपण म्हणतो. या प्रकाराने मरतो. १०८ ला फोन करा, रुग्णाला आडवे न निजवता बसवून न्या, आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या.

दात काढून घेतल्यावर घरी आल्यानंतर रक्त वाहू लागले, तर लोक घाबरतात. लाळेत थोडे रक्त मिसळले की ते पुष्कळ दिसते. स्वच्छ गॉजची जाड घडी ओली करून, पिळून, नेमकी त्या खाचेवर ठेवा आणि अर्धा तास दातांखाली दाबून धरा. घड्याळ लावून अर्धा तास. दर दोन मिनिटांनी काढून बघाल तर धरलेली गुठळी निघून येईल. बसून राहा, चूळ भरू नका, थुंकत राहू नका. तो सबंध दिवस विडी-तंबाखू बंद. अर्ध्या तासानेही धार थांबली नाही, किंवा रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर लगेच डॉक्टर.

शेवटी जबडा. मार लागल्यावर दात एकमेकांवर नेहमीसारखे बसत नसतील, तर जबडा मोडला असण्याचा संभव धरावा. माणूस शुद्धीवर असेल, उलटी होत नसेल, तर हनुवटीखालून डोक्यावर रुंद पट्टी सैलसर बांधावी. मात्र पट्टीने श्वासाला अडचण वाटली तर ती सोडावी आणि त्याला हातानेच हनुवटीला आधार धरायला सांगावे. मोठी जांभई देताना कधी जबडा निखळतो आणि तोंड उघडेच राहते. सुश्रुतांनी याला ‘हनुमोक्ष’ म्हटले आहे. कोणी सांगितले म्हणून झटका देऊ नका. आधार देऊन रुग्णालयात न्या.

आता गुरुजनांना एक विनंती. शाळेच्या प्रथमोपचार पेटीत आयोडीन असते, पट्ट्या असतात. तिच्यात चार वस्तूंची भर घाला: गॉजच्या काही घड्या, सलाईनची एक बाटली, घट्ट झाकणाची एक स्वच्छ डबी आणि एक कागद. कागदावर जवळच्या दातांच्या डॉक्टरांचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा फोन क्रमांक लिहा, आणि दंतचिकित्सक तेथे कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत असतात हे आजच विचारून ठेवा. जवळ दूध कोणाच्या घरी मिळेल तेही लिहा. सकाळच्या परिपाठात वर्षातून दोनदा पाच मिनिटे हा विषय घ्या. मुलांच्या तोंडी चार शब्द बसवा: मुळाला हात नको, साबण नको, रुमाल नको, दूध हवे. मोठी माणसे विसरतात. मुले घरी जाऊन सांगतात.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या दाताचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. उशीर झाला होता तरी डॉक्टरांनी दात बसवला. तो रुजणार नाही, पण काही वर्षे जागा धरील, तोवर हाडही टिकेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. झालेही तसेच. हाडाने मूळ हळूहळू खाल्ले, आणि चौथ्या वर्षी दात निघाला. आज तेथे कृत्रिम दात आहे. मुलगा आता माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. माझ्यावर त्याने कधी दात धरला नाही, ही त्याची थोरवी. भेटला की वाकून नमस्कार करतो, घरच्यांची चौकशी करतो. पण हसताना त्याचा हात अजूनही तोंडापुढे जातो, आणि तो गेला की मला ओसरीवरचे ते दोन लिटर दूध आठवते.

मंडळी, आज रात्री जेवताना घरातल्या एकाला तरी एवढे सांगा: पडलेला दात धुऊन, पुसून, रुमालात बांधायचा नसतो. तो जागेवर ठेवायचा असतो, नाहीतर दुधात.